एकशे वीस मीटरचा दोर

चंबळच्या गेरूच्या कड्यावर दोर सोडायला वनखात्याने परवानगी दिली ती फक्त चार दिवसांची. दोर एकच, एकशे वीस मीटरचा. आणि त्यावर हक्क सांगणारी माणसं दोन! त्यामुळे उज्जैनहून जीप निघायच्या आधीच मोहिमेची निम्मी लढाई होऊन गेली होती.

लढाईचं मैदान म्हणजे फ्रीगंजात टावर चौकाच्या मागे, एका चष्म्याच्या दुकानावर असलेलं निसर्ग-वारसा अभ्यास केंद्र. तीन खोल्या, एक गच्ची आणि एक कुलपातलं कपाट. मुक्ता फडणीस तिथे गिधाडांची नोंद ठेवायची. सहा वर्षांपूर्वी तिने गेरूच्या कड्यावर नऊ घरटी मोजली होती, आता एक उरलं होतं. यशोधन पेंढारकर मागून आला. त्याचे वडील बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. यशोधनचं काम डोंगरातली जुनी चित्रं शोधायचं, आणि त्याच कड्याच्या मधोमध एका कपारीत त्याला गेरूने काढलेल्या रेघा दुर्बिणीतून दिसल्या होत्या. मुक्ताला घरट्याजवळ आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बसवायचा होता, यशोधनला चित्रं कागदावर उतरवून घ्यायची होती. केंद्राने साफ सांगितलं होतं की पुढच्या वर्षी दोघांपैकी एकाचंच काम चालू राहील. सहा वर्षांची मेहनत एका सहीने गुंडाळली जाईल या विचाराने मुक्ताची झोप उडाली होती.

"दोर मला चारही दिवस लागेल," यशोधन म्हणाला.

"मलाही," मुक्ता म्हणाली.

"अरे देखो, माझं डोकं मत खाऊ," केंद्राचे संचालक श्रीधर सर म्हणाले. "आपसात निपटा. निपटत नसेल तर दोघांचंही कॅन्सल करून टाकतो, मतलब किस्साच खतम."

मग मुक्ताने आपल्या घरचा कायदा काढला. तिचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कोठीवर होते, धान्यापासून दोरखंडापर्यंत सगळं मोजून देणारे. दरबार गेला, कोठी गेली, पण घरात एक रीत राहिली. एका वस्तूवर दोघांनी हात ठेवला, तर एकाने कापायचं आणि दुसऱ्याने निवडायचं. आंबा असो, बर्फी असो, नाहीतर खिडकीची जागा. कापणारा प्रामाणिक राहतो, निवडणारा तक्रार करू शकत नाही. मुक्ता आणि तिचा भाऊ याच कायद्यावर लहानाचे मोठे झाले होते.

"मी कापते, तू निवड," ती म्हणाली.

आणि तिने खरोखरच दोर कापला! गच्चीवर हाताने मोजून, गरम सुरीने, मधोमध. यशोधनने दोन्ही वेटोळी उचलली आणि जिना उतरून चौकातल्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली. एक वेटोळं तीनशे ग्रॅम जड निघालं. त्याला बासष्ट मीटर मिळाला, मुक्ताला अठ्ठावन्न. त्या आनंदात त्याने किराणावाल्याला चहा पाजला.

मग सगळंच कापायची लाट आली. परवानगीचे दिवस दोन-दोन, पहिले यशोधनचे. रबरी होडीचे दिवस निम्मे-निम्मे. वॉकीटॉकी एक-एक, ते ठीक होतं. पण जुमारसुद्धा एक-एक! जुमार म्हणजे दोर चढायचा दातेरी चिमटा. तो जोडीनेच लागतो, आळीपाळीने एक सरकवायचा आणि दुसऱ्यावर लटकायचं. एका जुमाराने माणूस दोरावर चढू शकत नाही, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. तरी दोघांनी आपापला जुमार आपापल्या पिशवीत घातला आणि वर चेन ओढून घेतली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे जीप देवास गेटवरून निघाली. पोहे-जलेबी झाली, जलेबीही तोलून. सहा तास दोघं खिडक्यांतून दोन बाजूंना बघत राहिले. धरणाच्या पाण्याकाठी नाथूलाल होडी घेऊन उभा होता. साठीचा कोळी, या पाण्यातला खडक न खडक त्याच्या ओळखीचा. त्याने सामान उतरवताना सगळ्या वस्तूंवर 'मु' आणि 'य' अशा चिठ्ठ्या पाहिल्या. मग कड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मैडमजी, छज्जे के नीचे आग्या बैठी है. हल्ला मत करना, बस."

आग्या म्हणजे आगे मोहोळ, आणि हल्ला म्हणजे आरडाओरडा. कड्याच्या छातीवर पुढे आलेल्या दगडाखाली चार मोठी काळी पोळी लोंबत होती. त्या मधमाश्या खवळल्या तर दोरावरच्या माणसाला पळायलाही जागा नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मागच्या बाजूने, धावड्याच्या आणि खैराच्या झाडीतून दोन तास चढून कड्याच्या माथ्यावर पोचले. माथा सपाट होता, वाळलेल्या गवताचा, आणि कडेला दगड असा भुसभुशीत की बूट दाबला तर पापुद्रा सुटायचा. खाली चंबळचं हिरवं पाणी, त्यावर नाथूलालची होडी हरभऱ्याएवढी. समोरच्या काठावरून मुक्ताने हा कडा सहा वर्षं पाहिला होता. वरून मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

यशोधनचा बेत सरळ होता. माथ्यापासून कपार पन्नास मीटर खाली, हे त्याने होडीतून यंत्राने मोजलं होतं. दोरावरून कपारीत उतरायचं, चित्रांचं काम करायचं आणि कपारीच्या टोकाकडून निघणाऱ्या नाळेने, म्हणजे अरुंद घळीने, पाण्याकडे घसरत जायचं. वर चढायचं नव्हतंच, म्हणून एक जुमार चालणार होता. बासष्ट मीटरमधून पन्नास गेले तर बारा शिल्लक!

पण दोर बांधायला कडेला काहीच नव्हतं. दगड भुसभुशीत, झुडपं पोकळ. भरवशाचं झाड एकच होतं, एक जुना धावडा, कडेपासून चौदा मीटर मागे.

यशोधनने बुंध्याला दोर गुंडाळून गाठ मारली. त्यात दोन मीटर गेले. मुक्ता आपल्या पिशवीवर बसून बघत होती, आणि तिच्या डोक्यात कोठीवाल्यांचं रक्त आपोआप वजाबाकी करत होतं. बासष्टमधून चौदा गेले, दोन गेले. उरले सेहेचाळीस. कपार पन्नासवर.

"पुरेल का?" तिने विचारलं.

"पुरेल," तो म्हणाला.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्या पिशवीत अठ्ठावन्न मीटर दोर होता. तो मागायचा तर त्याने मागावा, असं तिला वाटलं. दोर पुरत नाही हे दिसलं की तो कडेवरूनच निमूट परत फिरेल, एक दिवस वाया जाईल, त्याचा. असंही वाटलं. त्या वाटण्याची तिला पुढे फार लाज वाटली, पण त्या क्षणी ती गप्प बसली हे खरं.

तिने एवढंच केलं की भैरवगढची छापाची जुनी चादर चौघडी करून कडेवर, दोराखाली अंथरली. दोर दगडाला घासू नये म्हणून. दोराच्या खालच्या टोकाला मोठी गाठ होती, कमरेला हार्नेस होता, त्यात दोर धीमा सोडणारा डिसेंडर होता. यशोधनने वॉकीटॉकी खांद्याला अडकवला, पाठ दरीकडे केली आणि कडेवरून नाहीसा झाला.

दहा मीटर. वीस. पुढे आलेल्या दगडाखाली तो गेला आणि वरून दिसेनासा झाला. दोर ताठ होता आणि हळूहळू थरथरत होता. मुक्ता पालथी पडून ऐकत होती. खालून एक खडा सुटल्याचा आवाज आला. मग गुंजारव! पोळ्यांवरची काळी चादर एकदा सळसळली, पुन्हा निवांत झाली.

मग दोराची थरथर थांबली.

वॉकीटॉकी कुजबुजला, "मुक्ता."

"बोल."

"दोर संपला."

"किती कमी?"

"पाय कपारीपासून तीन मीटर वर आहेत. खाली दीड हाताची कड आहे आणि तीपण उतरती. उडी मारली तर सीधा पाण्यात, मधल्या दगडांना भेटून."

तो हवेत लोंबत होता. दगड पुढे आलेला, त्यामुळे कड्याला पाय लागत नव्हते. एका जुमाराने वर चढता येत नव्हतं. आणि हार्नेसमध्ये नुसतं लोंबत राहणं म्हणजे मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, अर्ध्या तासात पाय बधिर होतात आणि त्यानंतर शुद्ध जाते. हे दोघंही एकाच शिबिरात, एकाच बाकावर बसून शिकले होते. खाली नाथूलाल होडीत उभा राहून गमछा हलवत होता. त्याला ओरडता येत नव्हतं, त्यानेच तर बजावलं होतं!

मुक्ताने घड्याळ पाहिलं. दहा चाळीस.

आपला दोर झाडाला बांधून खाली सोडावा? अठ्ठावन्नमधून सोळा गेले तर बेचाळीस. त्याच्या डोक्यावर संपला असता. त्याची गाठ सोडून दोर जोडावा? गाठीवर सत्तर किलोचा माणूस लटकलेला, ती कशी सुटणार? ती झाडाकडे धावली, गाठीला हात लावला. दगड!

मग तिला उपाय दिसला.

तिने आपला जुमार काढला आणि झाडापासून हातभर पुढे यशोधनच्या ताठ दोरावर चावायला लावला. जुमाराला आपल्या दोराचं टोक बांधलं. मग झाडाला नवा पट्टा घालून त्यात आपला डिसेंडर अडकवला, त्यातून आपला दोर ओवून घट्ट ओढला आणि कुलूप लावलं. आता यशोधनच्या दोराला तिच्या दोराने मागून धरलं होतं. पण भार अजून जुन्या गाठीवरच होता, आणि तो तिथून सोडवायचा एकच रस्ता होता.

"यशोधन, ऐक. मी तुझा दोर कापणार आहे."



"मुक्ता, वाटणी झाली ना आपली?"

"फालतू बोलू नको. जुमार लावलाय. भार माझ्या दोरावर येईल, मग मी तुला चार मीटर खाली सोडते. थोडा झटका बसेल."

"तुझा जुमार?"

"माझा."

मग तो म्हणाला, "पाय सुन्न झालेत. काप."

तिने सुरी काढली. तीच, गच्चीवरची. आणि हात दोराशी नेऊन ती थांबली.

"एक गोष्ट सांगायची आहे. दोर कमी पडणार हे मला माहीत होतं. मी वजाबाकी केली होती."

"मीपण केली होती," यशोधन म्हणाला. "तुझ्याकडे मागायचा नव्हता. आता काप ना, बाई!"

ताठ दोराला सुरी फक्त टेकवावी लागते. तिने टेकवली. ताड! कापलेलं टोक झाडाकडे उडालं. जुमार वीतभर पुढे सरकला, तिचा दोर तारेसारखा ताणला, झाड करकरलं आणि थांबलं. सगळं थांबलं!

"यशोधन?"

काहीच नाही.

"यशोधन!"

"इथेच आहे. कुठे जाणार?"

तिने जुमारामागे उरलेलं शेपूट आधी आपल्या दोराला बांधून टाकलं, दातांवर एकट्यावर भरवसा नको म्हणून. मग डिसेंडरचं कुलूप काढलं आणि इंच इंच दोर सोडू लागली. एक मीटर. दोन. जुमार गवतातून कडेकडे सरकत चालला होता. तीन. साडेतीन.

"पाय लागले!" वॉकीटॉकी म्हणाला. "लागले, लागले! थांब, बसू दे."

मुक्ता झाडाला टेकली आणि तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि असतं तरी तिला फरक पडला नसता. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

दहा मिनिटांनी यशोधनचा आवाज आला, आता पाणी पिऊन ठीकठाक झालेला. "मुक्ता, चित्रं आहेत! खूप आहेत. आत, भिंतीवर. मला दोन तास दे, सगळं उतरवून घेतो."

"घरटं दिसतंय का?"

"हो. सहा-सात मीटरवर. पिल्लू आहे एक, राखाडी, बसून माझ्याकडे बघतंय."

"आणि मोठं गिधाड?"

"वर घिरट्या मारतंय. खाली येत नाहीये."

मुक्ताने डोळ्यांवर हात धरला आणि सूर्य पाहिला. कडा पश्चिमेला तोंड करून होता. सहा वर्षं समोरच्या काठावर बसून तिने एक गोष्ट रोज वहीत लिहिली होती. साडेबारा-एकला कपारीवर ऊन येतं आणि त्याच्या आधी आई-बापापैकी एक जण पिल्लापाशी येऊन पंख पसरून उभा राहतो. संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत तसाच. मार्चच्या उन्हात तापलेल्या दगडावर पिल्लू सावलीशिवाय तासभरही टिकत नाही. आणि कपारीत माणूस असला तर गिधाड उतरत नाही.

तिने हे सगळं त्याला सांगितलं.

"म्हणजे मी निघू?" यशोधनचा आवाज चढला, मग मोहोळ आठवून खाली आला. "हे बरं आहे. माझं काम बंद, तुझं चालू. परवा तू येणार, इथेच कॅमेरा लावणार. तेव्हा याला ऊन लागणार नाही?"

त्याचं म्हणणं खरं होतं. कॅमेरा लावायला मुक्ताला दोन तास लागले असते. तिला दुर्बीण पुरत होती, होडी पुरत होती, समोरचा काठ पुरत होता. सहा वर्षं पुरला होता. मग दोर तिने कधी मागितला? यशोधनने मागितल्यावर, त्याच आठवड्यात! त्याला हवा होता म्हणून तिलाही हवासा झाला होता, दुसरं कारण काहीच नव्हतं.

"नाही येणार मी," ती म्हणाली.

"काय?"

"मला दोर लागतच नाही. मला होडी लागते, तुझ्या वाटणीचीसुद्धा, मे संपेपर्यंत. माझे दोन दिवस तू घे, तुझा उद्याचा एक धर. तीन झाले. पण आता नाही, जूनमध्ये. तोवर पिल्लू उडालेलं असेल. अख्खा दोर घे, दोन्ही जुमार घे. तारखा बदलायचं पत्र मी लिहिते."

"जूनमध्ये आणि अहवाल मार्चअखेर," तो म्हणाला. "रिकाम्या हाताने गेलो तर श्रीधर सर माझं काम बंद करतील. तुझं राहील."

"माहीत आहे. म्हणून अहवाल एकच देऊ. कडा एकच आहे, यशोधन. दोघांची नावं."

वर आकाशात एकाची दोन गिधाडं झाली होती. तो खाली होता, ती वर. त्याला तिथून हलवणं तिच्या हातात नव्हतं.

"पहिलं नाव कोणाचं?" यशोधनने विचारलं.

"ते नंतर भांडू."

"ठीक आहे," तो म्हणाला. "एक फोटो काढतो आणि निघतो."

बारा वाजता तो नाळेतून घसरत, ढोपरं सोलवटत पाण्याशी पोचला. नाथूलालने त्याला होडीत ओढून घेतलं. मुक्ता माथ्यावर पालथी पडून, दुर्बीण लावून वाट पाहत होती. बारा वीस. बारा पस्तीस. पुढच्या दगडामुळे कपार वरून दिसत नव्हती, फक्त आकाशातली ती दोघं दिसत होती. मग त्यातलं एक पंख आवळून खाली घसरलं, दगडाखाली गेलं, आणि परत वर आलं नाही.

"बैठ गई, मैडमजी!" वॉकीटॉकीतून नाथूलालचा आवाज आला. यशोधनने यंत्र त्याच्या हातात दिलं होतं. "पंख खोल के बैठ गई!"

अहवालावर नावं कुठल्या क्रमाने यावीत यावर पंधरा दिवस रण माजलं. शेवटी मुक्ताने दोन मुखपृष्ठं केली आणि यशोधनने एक निवडलं. श्रीधर सरांनी सही केली, बहुतेक डोकेदुखी टळावी म्हणून. एप्रिलच्या सत्तावीस तारखेला, होडीतून बघताना, मुक्ताने पिल्लाला कपारीवरून झेपावताना पाहिलं. ते आधी दगडासारखं पडलं, मग हवेने त्याला उचललं. तिने वहीत वेळ लिहिली, सात वाजून बारा मिनिटं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं पुन्हा धावड्याखाली उभे होते. दोर जोडलेला होता. मोहोळं उठून गेली होती, घरट्यात पिसं आणि हाडं उरली होती. यशोधन कपारीत उतरला आणि दोर बराच शिल्लक राहिला. दोन्ही जुमार त्याच्या कमरेला होते. मुक्ता वर झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसली. घामाने कपडे अंगाला चिकटले होते.

तिसऱ्या तासाला वॉकीटॉकी बोलला. "मुक्ता, इथे मध काढणारे आहेत. चित्रात. पोळं आहे, माश्या आहेत, दोराला लटकलेला माणूस आहे. हातभर मोठा काढलाय."

"आणि दोर वर कोणी धरलाय?"

"थांब, बघतो." खरखर झाली. "आहे एक जण. बोटाएवढा."

"एवढासा?"

"जो लटकतो तोच चित्र काढणार ना! वरच्याचं काय काम?"

"बरं. मग वरच्या बोटाएवढ्या माणसाकडे पाण्याची एकच बाटली उरलीय. अर्धीच आहे. चढतोस का?"

खालून जुमारांचा आवाज येऊ लागला. कट, कट. एक, मग दुसरा.

"आलो," तो धापा टाकत म्हणाला. "तू पेल्यांत ओत. मी निवडतो."